४३२व्या बळीपर्यंत कपिलला खेळवणं योग्य होतं का?

नवा_चेंडू

कपिल देव हा भारताचा सर्वांत मोठा अष्टपैलू, यावर माझा वाद नाही. पण १९९३-९४ मध्ये न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीचा ४३१ कसोटी बळींचा विक्रम मोडेपर्यंत त्याला संघात ठेवलं, ते चुकलं असं माझं ठाम मत आहे. त्याच्यामुळे बाहेर बसलेल्या तरुण जलदगती गोलंदाज जवागल श्रीनाथचं त्यात नुकसान झालंच, पण त्याहून जास्त खुद्द कपिलचं झालं.

आकडे बघा. चारशेवा बळी फेब्रुवारी १९९२ मध्ये पर्थला, ११५व्या कसोटीत. ४३२वा बळी ८ फेब्रुवारी १९९४ ला अहमदाबादला, श्रीलंकेचा हशन तिलकरत्ने, झेल संजय मांजरेकर. ती १३०वी कसोटी. म्हणजे मधल्या पंधरा कसोट्यांत कसोटीमागे जेमतेम दोन बळी. हॅडलीने ४३१ बळी ८६ कसोट्यांत घेतले, म्हणजे कसोटीमागे पाच. हा विक्रम मोडायला कपिलला ४४ कसोट्या जास्त लागल्या. आता कुठेही तुलना निघाली की लोक हेच तोंडावर मारतात आणि आपण गप्प बसतो.

खरा कपिल या आकड्यात दिसतच नाही. १९७८ मध्ये फैसलाबादला तो आला, त्याआधी आपल्याकडे नव्या चेंडूचं काम एवढंच होतं की त्याची चकाकी घालवायची आणि तो फिरकीवाल्यांच्या हातात द्यायचा. सुनील गावसकरनेही नवा चेंडू टाकलेला आहे! अशा देशात चंदीगडचा एकोणीस वर्षांचा मुलगा पाकिस्तानात जाऊन बाउन्सर टाकतो, ही घटना केवढी मोठी होती. पुढे फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला १४३ धावा हव्या होत्या. मांडी दुखावल्यामुळे कपिल चौथ्या दिवशी गोलंदाजीलाच आला नाही. पाचव्या दिवशी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला आणि २८ धावांत ५ बळी घेतले. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ८३. याच गोलंदाजाने १९८३ मध्ये अहमदाबादला वेस्ट इंडीजचे ८३ धावांत ९ बळी घेतले. कसोटी आपण हरलो, कारण चौथ्या डावात १०३ धावांत गुंडाळलो गेलो. त्याच मैदानावर दहा वर्षांनी एका बळीसाठी सगळा देश श्वास रोखून बसला होता. मला यातली पहिली गोष्ट पोरांना सांगावीशी वाटते, दुसरी नाही.

थर्डमॅन

पूर्ण असहमत.

हॅडलीचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून विचारतो, तो निवृत्त झाला तेव्हा किती वर्षांचा होता? एकोणचाळीस. ४३२वा बळी घेताना कपिल पस्तीस वर्षांचा होता. मग खेळ ताणला कुणी?

आणि पंधरा कसोट्यांचा हिशोब मांडताना त्याआधीचा दौरा सोयीस्करपणे वगळलात. १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोट्यांत त्याने २५ बळी घेतले. भारताकडून त्या दौऱ्यात त्याच्याइतके बळी कुणाचेच नाहीत. श्रीनाथ त्याच दौऱ्यात पदार्पण करत होता, संघातच होता. दोघं एकाच खेळपट्टीवर गोलंदाजी करत असताना कोण सरस ठरलं ते समोर आहे.

अनुजा

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. हा धागा अष्टपैलूबद्दल आहे आणि दोघांनीही अजून फक्त बळी मोजलेत.

डिसेंबर १९९२, पोर्ट एलिझाबेथ. दक्षिण आफ्रिकेच्या जलदगती ॲलन डोनाल्डने आपली अवस्था ६ बाद ३१ केली होती. तिथून कपिलने १२९ धावा काढल्या, एकूण २१५ पैकी. तेव्हा त्याच्या चौतिसाव्या वाढदिवसाला आठवडाभरच उरला होता. ही खेळी तुमच्या त्या 'जेमतेम दोन बळी'वाल्या पंधरा कसोट्यांमधलीच आहे. त्याच्या जागी श्रीनाथ खेळला असता तर सातव्या क्रमांकावर हे कुणी केलं असतं?

कपिलला संघात ठेवताना निवडसमिती एक गोलंदाज निवडत नव्हती. एक जलदगती गोलंदाज, एक फलंदाज आणि आउटफिल्डमधला अव्वल क्षेत्ररक्षक, असे तिघे एका जागेत मिळत होते. ५००० धावा आणि ४०० बळी, कसोटीत या दोन्ही रेषा ओलांडणारा तो आजही एकटाच आहे. हॅडलीच्या धावा ३१२४, कपिलच्या ५२४८. बळींच्या सरासरीची तुलना करायची तर मग ही पण करा.

नवा_चेंडू

@अनुजा, १२९ ची खेळी मी विसरलेलो नाही. त्या डावात डोनाल्डसमोर कपिल सोडून कुणीही उभं राहू शकलं नाही. दक्षिण आफ्रिका दौऱ्यापर्यंत तो संघात हवाच होता, हे मान्य. माझा आक्षेप त्यानंतरच्या वर्षावर आहे. १९९३ पासून आपण घरी फिरकीच्या खेळपट्ट्या बनवल्या. कुंबळे, राजू आणि राजेश चौहान असे तिघे फिरकीपटू, आणि नव्या चेंडूला कपिल व मनोज प्रभाकर. श्रीनाथला मायदेशातली पहिली कसोटी कधी मिळाली? नोव्हेंबर १९९४, वानखेडे. पदार्पणाला तीन वर्षं झाल्यावर, आणि कपिलने निवृत्ती घेतल्यावर. बावीस ते पंचवीस या वयात जलदगती गोलंदाज सगळ्यात वेगवान असतो. ती वर्षं त्याने पाणी नेण्यात घालवली. हा अन्याय नाही तर काय?

स्कोअरबुक

श्रीनाथबद्दल वाईट मलाही वाटतं. पण धाग्याचा सूर 'संघापेक्षा विक्रम मोठा ठरला' असा आहे, तो निकालांशी जुळत नाही.

१९९३ च्या सुरुवातीपासून अहमदाबादपर्यंत घरच्या कसोट्या सात. इंग्लंडविरुद्ध तीन, झिंबाब्वेविरुद्ध दिल्लीतली एक, श्रीलंकेविरुद्ध लखनौ, बंगळूर आणि अहमदाबाद. सातच्या सात जिंकल्या, श्रीलंकेविरुद्धच्या तर तिन्ही डावाने. इंग्लंडविरुद्ध एकट्या कुंबळेने तीन कसोट्यांत २१ बळी घेतले. अझरुद्दीन कर्णधार आणि अजित वाडेकर व्यवस्थापक असलेल्या त्या संघाची योजना स्पष्ट होती: नव्या चेंडूची थोडी षटकं झाली की फिरकी. त्या योजनेत श्रीनाथ असता तरी त्याच्याही वाट्याला तेवढीच षटकं आली असती. कपिलचे बळी कमी दिसतात कारण चेंडू त्याच्या हातात राहतच नव्हता.

जुनी_रणजी

स्कोअरबुक, घरच्या सात विजयांचं दुसरं टोक पण सांगा ना. ऑगस्ट १९९३ मध्ये कोलंबोला जिंकलो, त्यानंतर परदेशातली पुढची कसोटी जिंकायला नोव्हेंबर २००० उजाडावा लागला, तीही ढाक्याला. सात वर्षं! घरी फिरकीवर सगळ्यांना लोळवायचं आणि बाहेर जाऊन मार खायचा, या सवयीची मुळं त्याच काळात आहेत. त्याचा दोष कपिलवर मी टाकणार नाही. पण पुढची जोडी तयार करायची संधी तेव्हा होती आणि ती घालवली. घरची कसोटी जिंकणारच असू तर तरुणाला खेळवायला त्याहून चांगली वेळ कोणती?

आणखी एक. निवडसमितीला कपिलला हात लावायची भीती होती, असं नेहमी ऐकू येतं. १९८४-८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिल्लीत एक बेजबाबदार फटका मारला म्हणून याच कपिलला कोलकात्याच्या कसोटीतून वगळलं होतं. ऐन भरात असताना! त्याआधी सलग ६६ कसोट्या खेळला, नंतर सलग ६५. मधे हुकलेली ती एकच, आणि दुखापतीमुळे तर एकही नाही. एका फटक्यासाठी पंचविशीतल्या कपिलला बसवणारे लोक पस्तिशीत वेग ओसरल्यावर मात्र गप्प राहतात. याचं उत्तर '४३२' सोडून मला सापडत नाही.

थर्डमॅन

उत्तर सोपं आहे. कोलकात्याला त्याला वगळणं हाच मूर्खपणा होता, आणि ते शहाणपण पुढच्यांना आलं.

आणि समजा ४३२ साठी थांबलेच, तर काय बिघडलं? सोळा वर्षं उन्हात, पाटा खेळपट्ट्यांवर हा माणूस धावला. करसन घावरी १९८१ ला बाहेर पडल्यावर दुसऱ्या टोकाला कोण आहे ते मालिकेगणिक बदलत होतं. हॅडलीचा देश जलद गोलंदाजीला साथ देणारा, पाकिस्तानच्या इम्रानला सर्फराज आणि नंतर वसीम मिळाला, इंग्लंडच्या बोथमकडे विलिस. कपिलकडे कपिल. त्याने कधी मी दमलोय म्हणून विश्रांती मागितली नाही. देशाने त्याला एक वर्ष दिलं तर उपकार केले नाहीत, देणं फेडलं.

अनुजा

'देणं फेडलं' हे मला पटत नाही, थर्डमॅन. कपिलला कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती, तसं म्हटलं की आपणच त्याला लहान करतो. आणि पाटा खेळपट्ट्यांचं कारण तर जपून वापरा, कारण मायदेशातली त्याची गोलंदाजीची सरासरी परदेशातल्यापेक्षा चांगली आहे. इथल्या उन्हात आणि इथल्याच मातीवर बळी कसे काढायचे ते त्याला कळलं होतं. ती कला होती, रडगाणं नव्हतं.

त्याच्या वृत्तीबद्दल बोलायचं तर इंग्लंडविरुद्धचं १९९० चं लॉर्ड्स घ्या. फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावं लागणं, टाळायला २४ धावा हव्यात, नऊ बाद, समोर हिरवानी. फिरकीपटू एडी हेमिंग्सला त्याने ओळीने चार षटकार मारले. हिरवानी लगेच बाद झाला, म्हणजे कपिलने एक-एक धाव काढत बसायचं ठरवलं असतं तर फॉलोऑन बसलाच असता. याच हेमिंग्सला १९८७ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात वानखेडेवर उचलून मारताना तो गॅटिंगच्या हातात झेल देऊन बाद झाला होता आणि देशाने त्याला शिव्या घातल्या होत्या. तीन वर्षांनी तोच गोलंदाज, तसाच फटका. असा माणूस विक्रमासाठी रडतखडत खेळला असेल, यावर माझा विश्वास नाही.

नवा_चेंडू

विक्रमासाठी तो रडतखडत खेळला असं मी म्हटलेलंच नाही. प्रश्न त्याच्या जिद्दीचा नाही, निवडीचा आहे. खेळाडूने आपण संपलोय असं कधीच समजू नये, कपिलने तर नाहीच. ते बघायला निवडसमिती असते.

जुनी_रणजी यांचा कोलकात्याचा मुद्दा मला सर्वांत बिनतोड वाटतो आणि त्याला 'शहाणपण आलं' हे उत्तर पुरत नाही. श्रीनाथने पुढे ६७ कसोट्यांत २३६ बळी घेतले. १९९३ पासूनच्या त्या सात घरच्या कसोट्यांपैकी निदान तीन त्याला द्या, कपिलला उरलेल्या चार द्या. विक्रम तरीही झाला असता, कदाचित न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला, जिथे तो शेवटची कसोटी खेळून ४३४ वर थांबला.

स्कोअरबुक

हा मधला मार्ग धाग्याच्या पहिल्या प्रतिसादात मांडला असतात तर निम्मा वाद झालाच नसता. तरी एक अडचण राहते. चार कसोट्या कपिल, तीन श्रीनाथ, असं आलटून पालटून खेळवायची पद्धत तेव्हाच्या भारतीय क्रिकेटमध्ये नव्हतीच. अकरा ठरले की दुखापत होईपर्यंत तेच. प्रभाकरला बसवून कपिल आणि श्रीनाथ दोघांना खेळवता आलं असतं का, यावर मात्र अजून कुणीच बोललेलं नाही. मला तरी तो पर्याय सर्वांत चांगला वाटतो. प्रभाकर सलामीला फलंदाजी करायचा, त्यामुळे त्याला काढलं तर सलामीचा प्रश्न उभा राहतो, पण सिद्धूबरोबर दुसरा सलामीवीर शोधणं हे दुसरा कपिल शोधण्यापेक्षा सोपं होतं.