मदत हवी आहे: रेसिड्यू कॉन्टॅक्ट मोजताना साइडचेनचं काय करता?

मंडळी, एका प्रोटीनचा कॉन्टॅक्ट मॅप (कुठले रेसिड्यू, म्हणजे साखळीतली अमिनो आम्लं, एकमेकांच्या जवळ आहेत त्याचा तक्ता) काढतेय, बायोपायथन ही पायथनची लायब्ररी वापरून. सीबीटा (साइडचेनचा, म्हणजे अमिनो आम्लाच्या बाजूच्या फांदीचा, पहिला कार्बन) ते सीबीटा ८ अँगस्ट्रॉमच्या (०.८ नॅनोमीटर) आत तर कॉन्टॅक्ट, ग्लायसीनला सीबीटा नसतोच म्हणून तिथे सीअल्फा (मुख्य साखळीतला कार्बन) घेतला, इथपर्यंत ठीक.

पण आर्जिनीन, लायसीनसारख्या लांब साइडचेनचे सॉल्ट ब्रिज (विरुद्ध चार्जच्या साइडचेनमधली जोड) अगदी टोकाला असतात, चार्जवाले अणू ४ अँगस्ट्रॉमच्या आत आणि सीबीटा मात्र ८ च्या बाहेर, म्हणजे खरा कॉन्टॅक्टच सुटतो ना! म्हणून हायड्रोजन सोडून सगळे अणू घेऊन ४.५ ची मर्यादा लावून बघितली, तर ते सापडले. मला तरी हेच जास्त बरोबर वाटतंय. आता अडलंय ते एवढ्यावर की प्रोटीनच्या रचनेच्या फाइलमध्ये काही साइडचेनच्या दोन-दोन पोझिशन आहेत, दोन्हींची ऑक्युपन्सी (त्या पोझिशनमध्ये असण्याचं प्रमाण) ०.५, तर कुठली धरायची? की दोन्ही मोजायच्या? कुणी केलंय का हे, प्लीज सांगा.