मुलीच्या मुरमांवर शेजारणीनं दिलेली ट्यूब लावतोय, चालेल का?

तासगावची आई:
नमस्कार. मुलगी अकरावीला आहे, रोज एसटीनं सांगलीला कॉलेजला जाते. दिवाळीपासून कपाळावर आणि गालांवर मुरूम उठलेत. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता झाली, शेंगदाणे बंद करा. नणंद म्हणते पोट साफ होत नसेल. हळद-साय, मुलतानी माती, लिंबू सगळं करून झालं. लिंबानं तर नुसती आग आग झाली. मग शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा एकदम स्वच्छ! पण लावायची थांबवली की दोन दिवसांत परत लालबुंद. रोज लावत राहिली तर चालेल का? पोरगी सारखी तोंडाला ओढणी गुंडाळून बसते, बघवत नाही.

सातारा_अजिंक्यतारा:
ताई, रात्री मुरमावर टूथपेस्ट लावायला सांगा, सकाळपर्यंत सुकतो. आणि दिवसातून पाच-सहा वेळा साबणानं तोंड धुवायचं. घाण साठली की मुरूम येणारच.

मेडिकलवाली, विश्रामबाग:
ताई, आधी ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसतंय का? दिसलं तर ते स्टेरॉईड आहे. माझं औषधांचं दुकान आहे आणि आठवड्यात एक तरी मुलगी मोबाईलवर अशाच ट्यूबचा फोटो दाखवत येते. "काकू, हीच द्या, मैत्रीण गोरी झाली." मी देत नाही. मग ती पुढच्या दुकानात जाते आणि तिथं तिला मिळते, याचा मला फार त्रास होतो. लावायची अशी बरीच स्टेरॉईड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत.

चार दिवसांत चेहरा स्वच्छ का झाला, तर स्टेरॉईड सूज आणि लाली दाबतं. मुरूम आतून बरा होत नाही. पुढं महिनोन्‌महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की चरचरतं, कुणाच्या ओठावर-हनुवटीवर लव वाढते आणि मुरूम तर आणखी येतात. थांबवलं की आग होते, म्हणून परत लावलं जातं. तुमच्याकडं हेच चक्र सुरू झालेलं दिसतंय.

आता उष्णतेचं. या वयात हार्मोन वाढतात, त्यानं कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाशी जे छिद्र असतं ते तेलानं आणि मेलेल्या पेशींनी बुजतं. कातडीवर सगळ्यांच्याच असणारे जंतू त्या बंद जागेत वाढतात, मग सूज आणि पू. यात शेंगदाण्याचा किंवा पोट साफ नसण्याचा काही दोष नाही. खूप गोड आणि मैद्याचं खाणं, काहींच्या बाबतीत दूध किंवा जिमची व्हे पावडर, यानं मुरूम वाढू शकतात. पण पोरीचं जेवण तोडू नका.

साताऱ्याच्या दादांना राग येऊ नये, पण मुरूम घाणीचा नसतो. नाकावरचे काळे ठिपकेसुद्धा मळ नाहीत. छिद्राचं तोंड उघडं असतं, आतलं रंगद्रव्य आणि तेल हवेनं काळं पडतं. ते कितीही घासलं तरी जात नाही, उलट कातडी सोलते. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, बस झालं. टूथपेस्टनं कातडी भाजते आणि मुरूम गेल्यावर महिनोन्‌महिने डाग राहतो. लिंबू लावून उन्हात गेलं तर फोडसुद्धा येतात. हळद आपल्या सांगलीची, तिला भौगोलिक मानांकन आहे, भाजीत-दुधात भरपूर घाला. मुरमाचं बंद छिद्र मात्र ती उघडत नाही, आणि सायीचं तूपकट वर बसतं.

डॉक्टर बहुधा रात्री लावायला अ‍ॅडापेलीन किंवा बेन्झॉईल पेरॉक्साईड देतात. वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या भागावर पातळ लावायचं, नुसतं मुरमावर टिपके द्यायचे नाहीत. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात, आणि इथंच बहुतेक जणी सोडून देतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात हे पोरीला आधीच सांगून ठेवा. बेन्झॉईल पेरॉक्साईडनं कपड्याचा रंग उडतो, तेव्हा उशीला पांढरा अभ्रा घाला, आणि ती ओढणीही जपा. कपाळावर जास्त असतील तर डोक्याला तेल चोपडून झोपायचं बंद करून बघा. दिवसा सनस्क्रीन लावायला सांगा, उन्हानं डाग गडद होतात.

तासगावची आई:
ताई, आत्ताच बघितलं. क्लोबेटासोल लिहिलंय, पुढं आणखी दोन नावं आहेत. महिनाभर तरी लावलीय तिनं. हातपाय गार पडले माझे. आजच फेकून देऊ का?

मेडिकलवाली, विश्रामबाग:
घाबरू नका, महिनाभरात लक्षात आलं हे चांगलं झालं. फेकू नका, ती ट्यूब खोक्यासकट डॉक्टरांकडं न्या. एकदम थांबवायची की हळूहळू कमी करायची, हे ती किती लावली यावर त्यांनी ठरवायचं. याच आठवड्यात जा. मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात त्वचारोग विभाग आहे, खासगीतही चालेल. फक्त त्वचारोगतज्ज्ञच असू द्या, पार्लर नको. तोवर चेहऱ्यावर दुसरं काही नवीन लावू नका. वहिनींनाही सांगा, त्या स्वतः लावत असतील तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.

आणि डॉक्टर पाळीबद्दल विचारतील. पाळी वेळेवर येत नसेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, आहे का ते बघावं लागतं. त्या वेळी तुम्ही उत्तर देऊ नका, तिलाच बोलू द्या.