शब्दचर्चा : वडस, रांजणवाडी आणि अर्बुद

विचारणा (वर्सोव्याहून)

माझ्या आईच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने पांढुरक्या-गुलाबी मांसाची एक त्रिकोणी झालर बुबुळावर सरकत आलेली आहे. समुद्राकाठी उन्हात बोंबील वाळत घालण्यात तिची चाळीस वर्षे गेली. घरात आम्ही याला ‘वडस’ म्हणतो आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘टेरिजियम’ असे लिहिलेले आहे. अलीकडे शेजारच्या काकांच्या डोळ्यातही बुबुळाच्या कडेला काहीतरी उगवले. त्यालाही सगळ्यांनी वडसच म्हटले, पण तुकडा तपासल्यावर तो कर्करोग निघाला. तेव्हापासून आई रोज आरशासमोर उभी राहते. वडस या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि साध्या वाढीला व कर्करोगाला मराठीत निरनिराळे शब्द आहेत का?

उत्तर (परळहून)

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचे मराठी भाषांतर करण्याचे काम मी करतो, त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची झटापट आहे. आपण केलेले वर्णन वडसाचेच आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण जाड होऊन, बुबुळाची कड ओलांडून, पंखाच्या आकारात आत शिरते, तेव्हा त्या वाढीला वडस म्हणावे. ‘टेरिजियम’चा मूळ ग्रीक अर्थही ‘छोटा पंख’ असाच आहे. ऊन, वारा आणि धूळ यांत आयुष्य काढणाऱ्यांना, म्हणजे कोळी, शेतकरी आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांना, ती अधिक होते, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे तिचे मुख्य कारण मानले जाते. कडेच्या अलीकडेच थांबलेला पिवळसर उंचवटा मात्र वडस नव्हे. त्याला डॉक्टर ‘पिंग्वेक्युला’ म्हणतात आणि त्याला रूढ मराठी शब्द माझ्या ऐकण्यात नाही. ‘पिवळा उंचवटा’ एवढेच मी लिहितो.

अडचण अशी की आपल्या बोलण्यात वडस हे एका विशिष्ट वाढीचे नाव न राहता ‘डोळ्यात मांस वाढले’ या अर्थाचा सरसकट शब्द झाला आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावरचा खवल्या पेशींचा कर्करोग बहुधा बुबुळाच्या कडेलाच सुरू होतो, त्यालाही ऊनच पोसते, आणि नुसत्या नजरेला तो वडसासारखा दिसू शकतो. फरक बारकाव्यांत असतो. वडस सहसा नाकाच्या बाजूने येते, सपाट असते आणि वर्षानुवर्षे सावकाश सरकते. कर्करोगाची वाढ जेलीसारखी लिबलिबीत, फुलकोबीसारखी खडबडीत किंवा वर पांढरा थर धरलेली असू शकते, आणि तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जाड व वेड्यावाकड्या असतात. ती काही महिन्यांत भराभर वाढली, किंवा रुग्ण तरुण असूनही दिसली, तर संशय अधिकच घ्यावा लागतो. एचआयव्ही असलेल्यांत हा आजार कमी वयात दिसतो. कधीकधी वडसाच्या आतच असा भाग दडलेला असतो. म्हणून वडस काढल्यावर तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवावा, असे जाणकार सांगतात. माझ्या स्वतःच्या मामांचे वडस एका दवाखान्यात काढले तेव्हा तुकड्याचे काय झाले, असे आम्ही विचारले, तर ‘साधे वडस तर होते, टाकून दिले’ असे उत्तर मिळाले. तपासणीआधीच ‘साधे’ हे विशेषण लागले ते केवळ त्या नावामुळे, असे माझे मत आहे.

पापणीच्या बाबतीतही हाच घोळ आहे. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी येणारी, लाल आणि ठणकणारी पुळी, जी काही दिवसांत पिकून बसते. पापणीच्या आत दडलेली, न दुखणारी, वाटाण्याएवढी टणक गाठ ही वेगळी असते. तिचे वैद्यकीय नाव ‘कॅलेझियन’, पण घरोघरी तीही रांजणवाडीच ठरते आणि तिच्यावरही लवंग उगाळून लावली जाते. उतारवयात अशी गाठ काढूनही त्याच जागी पुन्हा पुन्हा येऊ लागली, किंवा तेथले पापणीचे केस झडू लागले, तर तो पापणीतील स्नेहग्रंथींचा कर्करोग असू शकतो. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगांत हा प्रकार विरळा आहे, आपल्याकडे मात्र त्याचा वाटा बराच मोठा आहे. म्हणून मी पत्रकात ‘वारंवार येणारी रांजणवाडी’ असे कधीच लिहीत नाही, ‘त्याच जागी परत आलेली गाठ’ असे लिहितो.

पुरवणी (दादरहून)

जुन्या शब्दांविषयी थोडेसे. सुश्रुतसंहितेत वडसासारख्या वाढीला ‘अर्म’ म्हटले असून तिचे पाच प्रकार आणि ती शस्त्राने काढण्याची रीत दिलेली आहे. शेजारच्या हिंदीत हिला ‘नाखूना’ म्हणतात, म्हणजे ग्रीकांनी पंख पाहिला तेथे हिंदीभाषकांनी नख पाहिले. अर्बुद हा शब्दही सुश्रुतसंहितेतलाच. गोल, स्थिर, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ असा त्याचा अर्थ असून, त्यातील काही प्रकार साध्य आणि काही असाध्य सांगितले आहेत. त्यामुळे अर्बुद म्हणजे कर्करोग असे धरणे चूक आहे आणि ‘सौम्य अर्बुद’ व ‘घातक अर्बुद’ हे दोन्ही प्रयोग योग्य आहेत. ‘कर्करोग’ हे मात्र ग्रीक ‘कार्किनोस’चे, म्हणजे खेकड्याचे, आपण केलेले रूपांतर आहे.

‘सौम्य’ऐवजी ‘निरुपद्रवी’ लिहिण्याची पद्धत वर्तमानपत्रांत आहे, ती मला पटत नाही. वडस सौम्य असते, कारण ते इतर अवयवांत पसरत नाही. पण ते बाहुलीपर्यंत पोचले तर नजर अडते, आणि त्याआधीही बुबुळाच्या गोलाईला ओढ बसून चष्म्याचा नंबर बदलतो. नुसते कापून काढले तर ते बऱ्याचदा परत येते, म्हणून हल्ली त्या जागी त्याच डोळ्याच्या आवरणाचा पातळ तुकडा बसवतात. इतका उपद्व्याप करावा लागणाऱ्या गोष्टीला निरुपद्रवी कसे म्हणावे?

उत्तर (परळहून)

‘निरुपद्रवी’बद्दलचा आक्षेप मान्य. आता डोळ्यातील ‘तिळा’विषयी. सावळ्या वर्णाच्या माणसांत दोन्ही डोळ्यांत बुबुळाभोवती तपकिरी छटा असते. ती जन्मजात रंगाचीच असते आणि तिला तीळ म्हणू नये. लहानपणापासून असलेला, बारीक फुगे असलेला आणि न बदलणारा डाग हा तीळ होय. प्रौढ वयात एकाच डोळ्यात नव्याने उमटलेला किंवा पसरू लागलेला डाग दिसला तर ‘तीळ’ हा शब्द न वापरता ‘डाग’ म्हणावे आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लहान मुलाच्या बाहुलीत फोटोच्या उजेडात पांढरी चमक दिसली, तर तिला ‘मोतीबिंदू’ किंवा ‘फूल’ म्हणून घरी बसू नये. तो दृष्टिपटलाचा कर्करोगही असू शकतो आणि तेथे एकेक आठवडा मोलाचा असतो.

विचारणाऱ्याकडून (वर्सोव्याहून)

आभारी आहे. आईला हे सर्व वाचून दाखवले. ‘अर्म’ हा शब्द तिला आवडला नाही. म्हणाली, वडसच बरे. मात्र शस्त्रक्रियेच्या तारखेला डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न तिने माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आहे : ‘तुकडा कुठे पाठवणार?’