पावसाळी गटारातून नदीत मैलापाणी: नमुना कसा घ्यावा, तक्रार कुठे द्यावी?

काठावरचा_महासंघ:
आमच्या भागातल्या ९ सोसायट्यांचा महासंघ आहे. मागचा नाला पुढे नदीला मिळतो. पावसाळी गटाराच्या तोंडातून ऐन एप्रिलमध्येही काळं पाणी वाहतं. ऑनलाइन तक्रार आठवड्यात ‘निकाली’ निघते, पाणी तसंच. आता पाणी तपासून घ्यायचंय. नमुना कसा घ्यावा आणि अहवाल महापालिकेला द्यावा की प्रदूषण नियंत्रण मंडळाला?

चेंबर_ते_नदी:
बाटलीच्या आधी जागा शोधा. उन्हाळ्यात पावसाळी गटार कोरडंच असायला हवं. वाहतंय म्हणजे वर कुठेतरी ड्रेनेजची, म्हणजे मैलापाण्याच्या वाहिनीची, जोडणी त्यात दिली आहे, नाहीतर तुंबलेल्या ड्रेनेज चेंबरमधलं पाणी त्यात उतरतंय. सकाळी ७ ते ९ घरांतला पाणीवापर जास्त असतो, तेव्हा तोंडापासून वर चालत जा आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक जाळीतून टॉर्चने आत बघा. झाकण मात्र उचलू नका, आतला वायू जीव घेतो. जिथे वाहती जाळी संपून कोरडी सुरू होते, त्या दोन जाळ्यांमधला तुकडा हाच तक्रारीचा विषय. जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, नकाशावर खूण करा.

‘नाल्याला वास येतो’ असं लिहिलंत तर तक्रार सफाईकडे जाते, जेसीबीने गाळ निघतो आणि ती खरोखरच ‘निकाली’ ठरते. त्याऐवजी मलनिस्सारण विभागाकडे त्या तुकड्याची संयुक्त पाहणी मागा. संशयित चेंबरमध्ये रंग टाकून तो गटारात उतरतो का, हे अभियंत्यांनी तुमच्यासमोर तपासावं.

नमुना_बाटली:
नमुने तीन जागी घ्या: नाला मिळण्याआधी नदीत, नाल्याच्या तोंडाशी, आणि पाणी नीट मिसळल्यावर खालच्या बाजूला. एकट्या नदीच्या नमुन्यावरून घाण याच नाल्याची आहे असं ठरत नाही. अवकाळी पाऊस झाला तर तो दिवस सोडा.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. त्याची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. कोलीफॉर्म, म्हणजे मैल्याची खूण असलेले जिवाणू, तपासायला प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. तिच्यात वर थोडी जागा ठेवायची असते. बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवून त्याच दिवशी पोचवा. विरघळलेला प्राणवायू जागेवरच रसायनं घालून स्थिर करावा लागतो: ३०० मिलीच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिली. हे चुकलं तर तो आकडा सोडून द्या. बीओडी २७ अंशांवर ३ दिवस ठेवून मोजतात. गुरुवारी लावलेला नमुना रविवारी वाचायचा येतो, म्हणून वार आधी ठरवा.

स्नानयोग्य नदीसाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि प्राणवायू किमान ५ हवा. हे निकष नदीचे आहेत, ते नाल्याच्या नमुन्याला लावलेत तर पहिल्याच बैठकीत अहवाल बाजूला पडतो.

आवक_शिक्का:
अहवाल दोघांनाही द्या, पण मागणी वेगळी ठेवा. महापालिकेकडे तुकड्याची दुरुस्ती. मंडळाकडे त्यांनी स्वतः नमुना घ्यावा ही मागणी, कारण १९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ खाली मंडळाने रीतसर घेतलेला नमुनाच त्या कायद्यात पुरावा ठरतो.

पत्राला नऊही सोसायट्यांचे ठराव जोडा आणि पोच म्हणून आवक शिक्का घ्या. मग माहिती अधिकारात त्या तुकड्याचा ड्रेनेज नकाशा आणि बंद केलेल्या तक्रारीचा कार्यवाही अहवाल मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून दोन अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील ३० दिवसांत.

तरीही हालचाल नसेल तर जलप्रदूषण कायद्याच्या कलम ४९ खाली मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतात. हरित लवादाची, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची, मुदत विसरू नका: त्याच्या कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत करायचा असतो. स्मरणपत्रं पाठवत बसल्याने ती वाढत नाही.

काठावरचा_महासंघ:
आभार. नाल्याचा वरचा भाग ग्रामपंचायत हद्दीत आहे, त्याचं काय?

आवक_शिक्का:
पुण्याच्या रामनदीचं तसंच आहे. खाटपेवाडी, भूगाव मुळशी तालुक्यात. पुढे पाषाण, बाणेर, औंध पुणे महापालिकेत. हद्दीच्या रेषेवर चौथा नमुना घ्या आणि आकडे ग्रामपंचायतीला देऊन विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. घाण हद्दीच्या वर आहे की खाली, हे त्याशिवाय सुटत नाही.

पत्र देण्याआधी नऊ सोसायट्यांचे स्वतःचे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प) बघा. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत एसटीपी असतो. त्यातला हवा सोडणारा ब्लोअर बंद असेल तर न शुद्ध केलेलं पाणी तुमच्याच टाकीतून निघतं. ब्लोअरचे रोजचे तास आणि विजेच्या मीटरचं वाचन नोंदवहीत हवं. पाहणीला आलेले अधिकारी पहिल्यांदा तेच मागतील.