शब्दचर्चा : ‘दैव’, ‘ईश्वरी योजना’ आणि ‘पाहून देणे’

प्रश्न : ख्रिस्ती लेखनातल्या ‘प्रॉव्हिडन्स’साठी, म्हणजे देव जगाची काळजी वाहतो या कल्पनेसाठी, ‘दैव’ लिहावे की ‘ईश्वरी योजना’?

उत्तर : ‘दैव’ नकोच. ‘दैव आडवे आले’ असे म्हणताना कोणी पाहत होते, कोणाला कळवळा होता, असे काहीच अभिप्रेत नसते. मूळ लॅटिन ‘प्रोविदेन्तिया’ मात्र पाहण्यावरूनच घडला आहे : पुढचे आधी पाहणे आणि त्याप्रमाणे तरतूद करणे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात होमासाठी कोकरू देव पाहून देईल, असे अब्राहाम इसहाकाला सांगतो, तेथेही हिब्रू क्रियापद ‘पाहणे’ हेच आहे. शिकायला आलेल्या भाच्याला आपण खोली पाहून देतो, तेव्हा नजर आणि काळजी दोन्ही त्यात आपसूक येतात.

‘ईश्वरी योजना’ रूढ आहे, चुकीचीही नाही. पण ती कोणाच्या तोंडी शोभते, हे पाहावे. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले आणि ओसरले, त्यानंतर भिंतीवरची गाळाची रेघ खराट्याने घासत असलेल्या एका बाईंना चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ‘ही देवाचीच योजना’ असे सांगितले. हेतू धीर देण्याचा होता. शब्दाने मात्र सगळा पूर देवाच्या माथी मारला. बाई काही बोलल्या नाहीत, घासत राहिल्या.

उत्पत्ती ५०:२० मध्ये योसेफ ‘योजणे’ हे एकच क्रियापद भावांच्या दुष्टाव्याला आणि देवाच्या हेतूला लावतो, हे खरे. परंतु तेथे बोलणारा स्वतः खड्ड्यात टाकला गेलेला आणि विकला गेलेला माणूस आहे, आणि तो हे कित्येक वर्षांनी बोलतो. त्याच्या वतीने दुसरे कोणी ते बोललेले नाही.

तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने केलेला भेद मराठीत नेमका उतरतो : देव वाईट ‘करत’ नाही, ते ‘होऊ देतो’. त्याच्या कित्येक शतके आधीचा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन याच्या मते तर वाईट ही स्वतंत्र वस्तूच नव्हे. रोग म्हणजे आरोग्याचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. तत्त्व म्हणून हे मला पटते, पण भरल्या घरात पाणी शिरलेल्याला ते ऐकवू नये. पुरासाठी ‘अरिष्ट’ म्हणावे आणि ‘दुष्टाई’ माणसाच्या कृत्यासाठी राखून ठेवावी.

‘भोग’ आणि ‘कर्माचे फळ’ हे शब्दही येथे बसत नाहीत. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू स्वतःच विचारतो आणि ‘नाही’ असे उत्तर देतो.