बॅटरीला हात लावण्याआधी

जुन्या एचपी ३४७८ए मल्टिमीटरवर (व्होल्टेज, करंट वगैरे मोजणारं यंत्र) आकडे स्थिर न राहता नुसते भटकतात म्हणता, तर आधी पुढची की मागची टर्मिनल (तारा जोडायच्या जागा) वापरायची ते ठरवणारं बटण बघा. ते 'मागे' राहिलं असेल तर पुढे लावलेल्या प्रोबला (मोजायच्या तारांना) काहीच अर्थ नाही. बटण बरोबर असेल तर पंधरावीस वेळा दाबून सोडा, आतले संपर्क गंजलेले असू शकतात.

पण कृपा करून आतली ३ व्होल्टची लिथियम बॅटरी सरळ उपटू नका! कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर अचूक ठेवणाऱ्या दुरुस्तीचे आकडे, तिच्याच जिवावर मेमरीत टिकून असतं. आधी जीपीआयबीवरून (मीटर संगणकाला जोडायच्या पोर्टवरून) ती मेमरी वाचून जपून ठेवा. मग मेन्सची (घरच्या विजेची) वायर काढून, मेमरीचा पुरवठा तुटू नये म्हणून बाहेरून समांतर ३ व्होल्ट देत बॅटरी बदला. हातातलं कॅलिब्रेशन असं गेलं की फार जिवाला लागतं. बटणाने फरक पडला का, ते नक्की कळवा.