बिबट्याच्या शेजारात राहताय? तुमचे अनुभव लिहा

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले, निफाड... या पट्ट्यात बिबट्या दिसला ही आता बातमीच राहिलेली नाही. ऊस वाढला तसा तो उसात राहायला आला, तिथेच पिल्लं व्हायला लागली. पेपरात एकतर हल्ला येतो नाहीतर पिंजरा, रोजचं जगणं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. भीती वाटत असेल तर तसंच लिहा.

---

आमचं घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि रात्रीचा आठवडा आला की माझ्या पोटात गोळा येतो. मोटार तेव्हाच चालते, म्हणून हे रात्रीच उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जातात मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून, एका हातात बॅटरी एका हातात काठी, पण दारं धरताना माणूस वाकतोच ना, आणि वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटू शकतो असं वनखात्याची माणसं सांगून गेलीत, तेव्हापासून ते परत येईपर्यंत मी जागीच. सासूबाई दिवस मावळला की पोरांना ओट्याखाली उतरू देत नाहीत. पिंजरा नंतर द्या, आधी दिवसा लाईट द्या.

---

आईवडील ऊसतोडीला जायचे, सुट्टीत मीपण फडावर असायचो. एकदा पाचटात मांजराएवढी बछडी सापडली. सगळ्यांनी कोयते खाली ठेवले, मुकादमाने तेवढी तोड थांबवली. वनखात्याच्या लोकांनी बछडी क्रेटमध्ये घालून अंधार पडताना त्याच जागी ठेवली आणि आम्हाला लांब पाठवलं, रात्री मादी येऊन एकेक उचलून घेऊन गेली. हे ऐकायला छान वाटतं, पण आमची कोपी म्हणजे राहायची झोपडी त्याच शिवारात होती आणि कोपीला दार कुठलं? आईने आम्हा भावंडांना मध्ये झोपवलं आणि स्वतः कडेला पडली.

---

मला वेगळं लिहायचंय. आमच्या वस्तीवरचं पोरगं गेलं, संध्याकाळी, अंगणातून. त्याआधी कितीतरी वेळा कळवलं होतं की इथे रोज फिरतोय. आता सहजीवन वगैरे कुणी बोललं की डोकं फिरतं. सगळे मारून टाका असं मी म्हणत नाही, पण ज्यांच्या दारात तो येतो त्यांचं आधी ऐका.

---

दादा, तुमचं दुःख मोठं आहे, त्यावर मी काय बोलणार. फक्त पिंजऱ्याबद्दल लिहिते, कारण मी या विषयावर काम केलंय. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात बिबटे धरून दुसरीकडे सोडले आणि हल्ले उलट वाढले, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी हे अभ्यास करून मांडलं. सोडलेला बिबट्या तिथे थांबतोच असं नाही. २००९ मध्ये विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला, कुठे जातो ते कळावं म्हणून, कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं तर तो साधारण १२० किमी चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. आणि इथली जागा रिकामी झाली की दुसरा येतो. माणसावर हल्ला करणारा नेमका ओळखून धरायलाच हवा, पण दिसेल तो धरण्याने गाव सुरक्षित होत नाही.

---

मुंबईत आरेजवळ सोसायटी आहे आमची. कचरा उघडा, म्हणून कुत्री, कुत्र्यांसाठी बिबट्या. कचरा रोज उचलायला लागल्यापासून सीसीटीव्हीत येतो आणि सरळ निघून जातो.

---

परत मीच, मळ्यातली. गोठ्याला जाळी कुणी लावलीये का? आमच्याकडे भिंत चढून आत उतरला आणि शेळी नेली. नुसती बाजूने लावून भागेल का?

---

नाही वहिनी, वरूनपण लावा, आणि दाराखाली फट ठेवू नका. आम्ही तसंच केलंय, शेळ्या आहेत अजून.